फास्ट चार्जिंगची टिकाऊ केबल कशी निवडावी? घरात तीन कंपन्यांचे फोन आहेत

रेवा_नाशिक

नमस्कार मंडळी. घरात तीन फोन, तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे. माझा सॅमसंग ४५ वॅटचा, ह्यांचा वनप्लस ८० वॅटचा आणि लेकीचा आयफोन १५. चार्जर पुरेसे आहेत, दुखणं केबलचं आहे. नवी केबल काही महिने छान चालते. मग फोनकडचं टोक वाकडं धरलं तरच चार्जिंग होतं, आणि शेवटी तेही बंद. दुकानात गेलं की "ही १२० वॅटची घ्या, कापडी आहे, तुटायचं नाव नाही" असं सांगतात. कापडी आणून झाली, तीही गेली.

तर विचारायचं असं की तिघांना मिळून एकाच प्रकारची केबल चालेल का? खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं? शिवाय आमच्या पलंगाजवळ प्लग नाही, म्हणून दोन मीटर लांबीची हवी आहे. लांब केबलने चार्जिंग हळू होतं हे खरं का? चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण वस्तू टिकली पाहिजे.

तारकाम_सांगली

रेवाताई, माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हा विषय रोजचाच. नवी केबल घ्यायच्या आधी तिन्ही फोनचं पोर्ट बघून घ्या. "केबल लूज झालीय" म्हणून येणाऱ्या बऱ्याच फोनांत केबल ठणठणीत असते. खिशातला कापसाचा मळ आणि धूळ पोर्टच्या तळाशी जाते, आणि दर वेळी प्लग खुपसला की आणखी दाबली जाते. होता होता तळाशी घट्ट गादी तयार होते. प्लग शेवटपर्यंत आत जातच नाही आणि जरा हललं की सुटतो.

ओळखायचं कसं? चांगल्या पोर्टमध्ये प्लग बसताना बारीक 'टक्' होतं ते बोटाला कळतं, आणि प्लगचा धातूचा भाग बाहेर जवळजवळ दिसत नाही. 'टक्' होत नसेल आणि धातूची कड बाहेर दिसत असेल, तर मळच आहे असं समजा. फोन बंद करा. लाकडी टूथपिक घ्या, टोक ब्लेडने तासून चपटं करा आणि पोर्टच्या कडेकडेने हलक्या हाताने मळ उकरून काढा. मधोमध जी पातळ पट्टी असते तिला अजिबात धक्का नको, सगळ्या कनेक्शनच्या पट्ट्या तिच्यावरच असतात. सुई, टाचणी, सेफ्टीपिन वापरू नका. तोंडाने फुंकरही नको, वाफेचा ओलावा आत जातो.

एवढं करूनही केबल वाकडी धरावी लागत असेल तर मग दोष केबलचाच. आता ती कुठे मरते ते सांगतो. मी बाद झालेल्या केबली कापून बघतो. मधे कुठे तुटलेली क्वचितच सापडते. बहुतेक वेळा प्लगच्या लगत, बोटभर अंतरात तुटलेली असते. आतली तार म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तंतूंचा जुडगा. फोन चार्जिंगला लावून आपण तो हातात धरतो, पोटावर टेकवतो, आणि वाकण्याचा सगळा ताण त्या एका जागी येतो. एकेक तंतू तुटत जातो. उरलेल्या तंतूंतून सगळा करंट जातो, म्हणून ती जागा तापते, तापली की वरचं प्लास्टिक कडक होतं आणि आणखी लवकर तुटतं.

म्हणून दुकानात केबल हातात घेतली की आधी तिची मान बघा. प्लगमागचा रबरी भाग लांबट, निमुळता आणि खाचा पाडलेला असावा, वाकवला की गोलाईत वाकला पाहिजे. कडक ठोकळा संपून लगेच मऊ वायर सुरू होत असेल, तर त्या कडेवरच ती तुटणार. कापडी विणीने घासण्यापासून संरक्षण मिळतं, मांजराच्या दातांपासूनही थोडंफार मिळतं, पण आतल्या तंतूंना ती वाचवत नाही. तुमची कापडी केबल का गेली त्याचं कारण हेच.

आणखी एक खूण, घरी करून बघण्यासारखी. फोन चार्जिंगला असताना प्लगपासून मागे वायर बोटांनी चाचपत जा. प्लग कोमट असला तर हरकत नाही. पण मानेजवळचा एकच बिंदू गरम लागत असेल तर ती केबल त्याच दिवशी बाद करा, "चालतेय तोवर चालू दे" म्हणू नका.

ओहम_पुणे

तारकाम यांच्याशी सहमत. मी वॅटच्या आकड्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. केबल तापते ती अँपिअरमुळे, म्हणून आपल्याला अँपिअर बघायचे आहेत. टाइप-सीच्या नियमावलीप्रमाणे दोन्ही टोकांना सी असलेल्या प्रत्येक केबलने ३ अँपिअर तरी पेलले पाहिजेत. २० व्होल्टला ते ६० वॅट झाले. त्यापुढे ५ अँपिअरची केबल. हिच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची चिप असते. चार्जर करंट वाढवण्याआधी त्या चिपला विचारतो, "तुला किती झेपेल?" उत्तर आलं नाही तर चार्जर ३ अँपिअरच्या वर जात नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. या ५ अँपिअरच्या केबलींवर पूर्वी १०० वॅट लिहायचे. २०२१ मध्ये पीडी ३.१ आलं (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, यूएसबीची स्वतःची फास्ट चार्जिंगची पद्धत), व्होल्टेजची मर्यादा ४८ झाली आणि आता २४० वॅट लिहितात.

म्हणजे यूएसबीच्या नियमात बसणारे आकडे ६०, जुना १०० आणि २४०. दुकानदाराने सांगितलेला १२० वॅट त्यात कुठेच नाही. तो आकडा एखाद्या फोन कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीतला असतो किंवा नुसताच छापलेला असतो. अशा केबलीत ई-मार्कर असेलच याची खात्री नाही, आणि तुमच्या सॅमसंगला ४५ वॅटसाठी नेमका तोच लागतो, कारण तो तेव्हा ३ अँपिअरच्या वर करंट मागतो.

हे मीटर न घेता तपासता येतं. ४५ वॅटच्या चार्जरला केबल लावा आणि लॉक स्क्रीन बघा. "सुपर फास्ट चार्जिंग २.०" दिसलं तर केबल ५ अँपिअरची आहे. नुसतं "सुपर फास्ट चार्जिंग" दिसलं तर फोन २५ वॅटच्या पद्धतीवर उतरला. बॅटरी बरीच रिकामी असताना बघा, भरत आलेला फोन तसाही वेग कमी करतो.

आता लांबी. हो, फरक पडतो, आणि हिशेब सोपा आहे. २८ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. करंट एका तारेने जातो, दुसरीने परत येतो, म्हणून एक मीटरच्या केबलीत ०.४२ धरा. त्यातून ३ अँपिअर नेले की १.२६ व्होल्ट वाटेतच गळतात आणि पावणेचार वॅटची उष्णता केबलीत तयार होते. तेच २४ गेजची तार घेतली तर अर्धा व्होल्ट आणि दीड वॅट. (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड.) नियमाने पूर्ण करंटला जाता-येता मिळून पाऊण व्होल्टच्या वर पडझड चालत नाही. दोन मीटरच्या केबलीला ही मर्यादा ५ अँपिअरवर पाळायची तर तार २० गेज किंवा त्याहून जाड लागते. अशा केबली मिळतात, पण महाग आणि ताठ असतात. दोन मीटर लांब, बारीक, मऊ आणि स्वस्त अशी केबल दिसली तर तांब्यात काटछाट केली आहे हे नक्की समजा.

माझा सल्ला असा की एक मीटरची चांगली केबल घ्या आणि पलंगापर्यंत आयएसआय मार्कचा तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढा.

रेवा_नाशिक

किती नीट समजावलंत! धन्यवाद दोघांना. पोर्ट टूथपिकने साफ केलं. लेकीच्या फोनमधून एवढा मळ निघाला की तिचाच विश्वास बसेना, आणि तिची जुनी केबल आता घट्ट बसते. वनप्लसचं काय करू? त्याला पण हीच ५ अँपिअरची चालेल ना?

जुना_रेडिओ

चालेल, पण ८० वॅट मिळणार नाहीत. वनप्लस आणि ओप्पोची सुपरवूक पद्धत वेगळ्या वाटेने जाते. व्होल्ट कमी ठेवायचे आणि करंट वाढवायचा. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ११ व्होल्ट, ७.३ अँपिअर असं छापलेलं असेल, बघा. म्हणजे यूएसबीच्या ५ अँपिअरच्या पलीकडची गोष्ट. त्यासाठी त्यांची ती लाल, जाड केबल असते आणि चार्जर व फोन ती ओळखून घेतात. दुसरी केबल लावली की फोन चार्ज होतो, पण बराच सावकाश.

तेव्हा यांच्यासाठी त्याच कंपनीची मूळ केबल घ्या. "सुपरवूकला चालते" असं लिहिलेल्या स्वस्त केबली बाजारात ढीगभर आहेत, मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. सात अँपिअर म्हणजे खेळ नव्हे. तीन अँपिअरला कोमट होणारा कच्चा सांधा सात अँपिअरला पाचपट तापतो, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते.

आयफोन १५ ला मात्र साधी ६० वॅटची सी-टू-सी पुरते, त्याची भूकच तीसच्या आत आहे. पण सॅमसंग आणि आयफोनला मिळून ५ अँपिअरच्या एकाच जातीच्या दोन केबली घ्या. म्हणजे घरात कोणती कोणाची हा वाद नाही.

इसारकाठ

म्युनिकहून. इकडे युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्याने विकायला येणाऱ्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं. त्यातला कमी चर्चिला गेलेला भाग असा की १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या फोनला यूएसबी पीडी समजलंच पाहिजे. कंपनीची खास पद्धत असली तर असू दे, पण सोबत पीडी हवंच. त्यामुळे घरातले सगळे फोन, हेडफोन आणि लॅपटॉप एकाच पीडी चार्जरवर आणि त्याच केबलींवर चालतात. लॅपटॉपसाठी सक्ती २८ एप्रिल २०२६ पासूनची आहे.

एक सूचना: २४० वॅट लिहिलेल्या बऱ्याच केबली डेटासाठी यूएसबी २.० च्याच असतात, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. चार्जिंगला जोरदार, पण फोनमधले व्हिडिओ संगणकावर उतरवायला हळू. साध्या आयफोन १५ चं पोर्टच तेवढ्या वेगाचं आहे, त्यामुळे रेवाताईंना फरक पडणार नाही. १५ प्रो किंवा सॅमसंगच्या वरच्या फोनमधून मोठ्या फाइल काढायच्या असतील तर डेटाची केबल वेगळी ठेवा. ती आखूड आणि ताठ असते, रोजच्या चार्जिंगला गैरसोयीची.

मिऱ्याबंदर

आम्ही रत्नागिरीकर, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे केबल तुटण्याआधी गंजते. प्लगच्या आतल्या सोनेरी पट्ट्या आधी काळपट होतात, मग हिरवी बुरशीसारखी पूड दिसायला लागते. पावसाळ्यात फोन सारखा "पोर्टमध्ये ओलावा आहे" म्हणून चार्जिंग नाकारतो. यावर काही उपाय?

ओहम_पुणे

आहे, आणि तो तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चार्जरचं पोर्ट जुनं चौकोनी, म्हणजे टाइप-ए असेल, तर त्यावर कायम ५ व्होल्ट असतात, फोन लावलेला असो वा नसो. तुमची केबल भिंतीवर लोंबकळत राहते तेव्हा तिच्या टोकाशी वीज असते. त्यात खारट दमटपणा आला की पट्ट्यांचं विद्युतविघटन सुरू होतं आणि सोन्याचा मुलामा खाऊन खालचं तांबं हिरवं पडतं. सी-टू-सीमध्ये चार्जर आधी समोर फोन आहे का ते सीसी नावाच्या तारेवरून बघतो आणि मगच व्होल्टेज सोडतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी शक्य तिथे सी-टू-सीच वापरावी. टाइप-ए असेल तर फोन काढला की भिंतीवरचं बटण बंद करायचं, एवढं पाळा. ओलाव्याचा इशारा आला तर फोन पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ पोर्टमध्ये जातं.

सह्यकडा

सगळ्यांनी मानेबद्दल लिहिलं, पण मला सिलिकॉनच्या केबलींची बाजू मांडायची आहे. एवढी मऊ असते की फोन हातात घेऊन वाचत पडलं तरी मानेवर ताण येत नाही, आणि गुंडाळली की पीळ धरत नाही. नायलॉनची वीण घरात ताठ पडते आणि काही महिन्यांनी टोकाशी उसवून तिचे धागे बाहेर येतात. घरच्या वापराला सिलिकॉनच.

तारकाम_सांगली

घरासाठी तुमचं बरोबर आहे. बाहेरच्या वापराला मी देणार नाही. सिलिकॉनला एकदा चीर पडली की ती पुढे फाटत जाते, आणि बॅगेतली किल्लीसुद्धा चीर पाडायला पुरते. धूळ आणि केसही त्याला लगेच चिकटतात. बॅगेत आणि गाडीत नायलॉन, उशाशी सिलिकॉन.

आवरणापेक्षा आतलं तांबं बघायला मिळालं तर जास्त खरं कळतं. जुनी बाद केबल असेल तर कापून लाल आवरणाची तार उघडी करा आणि एक तंतू ब्लेडने खरवडा. वरून रुपेरी आणि आत लालसर निघाला तर कथील चढवलेलं तांबं, उत्तम. वरून तांबूस आणि आत पांढरा निघाला तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असा तंतू वाकवला की लवकर तुटतो आणि त्याचा रोधही जास्त. त्या ब्रँडची केबल पुन्हा घेऊ नका. चांगल्या केबलीत तारांच्या सोबतीला पिवळसर, रेशमासारखा धागाही सापडतो. तो अरामिडचा, कात्रीला दाद देत नाही. ओढाताण झाली तर जोर तो घेतो, तांब्यावर येऊ देत नाही.

दुचाकी_पिंपरी

डिलिव्हरीचं काम करतो. फोन दिवसभर हँडलवर आणि चार्जिंगला. आमच्या लायनीत सगळ्यांच्या केबली पटापट जातात. मला काटकोनात वळलेल्या प्लगच्या केबलीचा फार फायदा झाला, कारण सरळ प्लग होल्डरच्या कडेला घासून वाकतो. लांबीही एक फुटाचीच घ्या, उरलेली वायर हँडलमध्ये अडकत नाही. मॅग्नेटवाली, म्हणजे टोक चुंबकाने चिकटणारी, पण वापरून पाहिली, खड्ड्यात सुटते.

ओहम_पुणे

दादा, मॅग्नेटवाली नकोच. ते टोक यूएसबीच्या नियमात बसत नाही, उघड्या पट्ट्यांवर लोखंडाचा कीस चिकटला की शॉर्ट होऊ शकतं. तुमच्या गाडीवरचं यूएसबी सॉकेट कोणतं आहे? टाइप-ए, ५ व्होल्ट २ अँपिअर असेल तर महागडी फास्ट केबल घेऊन वेग वाढणार नाही, सगळे पैसे मजबुतीवर घाला.

दुचाकी_पिंपरी

हो, ५ व्होल्ट २ अँपिअरच लिहिलंय. म्हणजे साधी जाड ए-टू-सी काटकोनी. बरं झालं विचारलं.

निळीशाई

रेल्वे स्थानकावर किंवा विमानतळावरच्या यूएसबी पोर्टला फोन लावताना डेटा चोरीची भीती वाटते, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पुस्तिकेतही त्याबद्दल सावध केलं आहे. म्हणून मी डेटाच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबल घेतली. तिने चार्जिंग फारच हळू होतं. केबल खराब निघाली का?

जुना_रेडिओ

खराब नाही. जुन्या क्विक चार्जसारख्या आणि सुपरवूकसारख्या पद्धती चार्जरशी बोलायला डेटाच्याच तारा वापरतात. त्या कापल्या की बोलणं बंद, आणि फोन साध्या वेगावर येतो. पीडीचं बोलणं सीसी तारेवरून होतं, म्हणून त्याला अडचण येत नाही. प्रवासात आपला चार्जर नेऊन २३० व्होल्टच्या प्लगला लावा, मग ही खास केबल लागणारच नाही. आणि चार्जर घेताना त्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून तपासा. केबल कितीही चांगली असली तरी मागचा चार्जर बोगस असेल तर उपयोग नाही.

रेवा_नाशिक

ताजी बातमी देते. ५ अँपिअरच्या, २४० वॅट लिहिलेल्या, एक मीटरच्या दोन सी-टू-सी केबली आणल्या. दुकानात मान वाकवून बघितली तर दुकानदार बघतच राहिला. घरी येऊन लावल्याबरोबर "सुपर फास्ट चार्जिंग २.०" दिसलं. आधीच्या १२० वॅटच्या कापडी केबलीवर ते कधीच दिसलं नव्हतं. ह्यांच्यासाठी मूळ लाल केबल मागवली आणि पलंगाजवळ बोर्डही ओढून घेतला.

शेवटचा प्रश्न. ती कापडी केबल एक वर्षाच्या वॉरंटीत आहे, पण विकणारा "वायर वाकलेली दिसतेय, हे वॉरंटीत बसत नाही" म्हणतो. कापलेली, जळलेली नाही, नुसती चालत नाही. सोडून द्यावं का?

निळीशाई

अजिबात सोडू नका. केबल वाकण्यासाठीच असते. विकणाऱ्याला लेखी कळवा, उत्तर लेखीच मागा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावा, तक्रार मराठीतही घेतात. बिल, खोक्यावरचा वॉरंटीचा मजकूर आणि नकार दिलेला मेसेज, तिन्ही जवळ ठेवा.

तारकाम_सांगली

ताई, आणि नव्या केबलींच्या बिलांचा आजच फोटो काढून ठेवा. दुकानांतली बिलं थर्मल कागदावर छापतात, वॉरंटी संपायच्या आधी अक्षरं उडून जातात. खोक्यावरचा मॉडेल क्रमांकही त्याच फोटोत येऊ द्या, बदलून देताना तो विचारतात.